ठिणगीचं आयुष्य

१

वाफेची मोठी नळी फुटली तेव्हा पेइलान घरी राळ्याची पेज ढवळत होती. स्फोट तिला ऐकू आला नाही. शहरातल्या घरांना नळ्यांतून ऊब पुरवणारं उष्णता केंद्र नदीच्या पलीकडे होतं. खिडकीखालचा रेडिएटर एकदा खोकल्यासारखा वाजला, आतलं पाणी गडगडलं आणि मग तो हळूहळू गार पडत गेला. बाहेर नदीकाठच्या विलोवृक्षांच्या फांद्या हिमाच्या पांढऱ्या काट्यांनी मढल्या होत्या. चीलिन शहराचा ऐन हिवाळा. श्वास घेतला की नाकातले केस ताठ व्हावेत अशी थंडी.

"केंद्रात काहीतरी बिनसलंय गं!" शेजारच्या आजी दारातून ओरडल्या.

काय बिनसलं ते पेइलान प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. बॉयलरपासून निघणारी एक नळी भर पाळीत फाटली होती. चिआओ मिस्त्री जागच्या जागी गेले होते. त्यांच्या हाताखालचे दोघे भाजून इस्पितळात होते.

पेइलाननं हातातला पेला खाली ठेवला. त्या केंद्रातल्या नळ्या शरद ऋतूत तिनंच तपासल्या होत्या. "सर्व नळ्या योग्य पोलादाच्या आहेत" असा दाखला तिच्या प्रयोगशाळेनं दिला होता, आणि त्याखाली सही तिची होती.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी अपघाताच्या चौकशीसाठी प्रांताकडून आलेल्या मो मॅडम तिच्या टेबलासमोर येऊन बसल्या. पन्नाशीची ठेंगणी बाई, जाड कापसाचा कोट, आणि कोटाच्या खिशात सूर्यफुलाच्या भाजक्या बिया. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जड वस्तू टेबलावर ठेवली.

"थान पेइलान तुम्हीच? ही सही तुमची?"

"माझीच."

"बरं झालं. सहीलाच नाही म्हणणारे फार भेटतात." त्यांनी कागद उलगडला. आत पोलादाचा वाकडातिकडा फाटलेला तुकडा होता. "ही सतरा नंबरची नळी. रसायनवाल्यांनी हिचा कण आम्लात विरघळवून पाहिला. क्रोमियम औषधालासुद्धा नाही. साधं पोलाद. इतक्या उष्णतेत ते हळूहळू मऊ पडतं म्हणे, आणि एक दिवस फाटतं. तुमचा दाखला म्हणतो, क्रोमियम भरपूर आहे." त्यांनी एक बी दातांत धरून टिचकन फोडली. "आता सांगा, खोटं कोण बोलतंय? लोखंड, की तुम्ही?"

२

बैठकीच्या खोलीत तिघांना बोलावलं गेलं. पेइलान, प्रयोगशाळेचे प्रमुख ओयांग सर आणि पेइलानचा कनिष्ठ सहकारी फांग चुओ.

ओयांग सर निवृत्तीला आले होते. पेइलानला त्यांनीच या विद्येत आणलं, हाताला धरून लेझर लावायला शिकवलं. ते तिला पोरी म्हणत आणि ती कधी उपाशी राहिली तर स्वतः डबा उघडून पुढे करत. फांग चुओ तिशीतला, फटकळ, स्वतःच्या यंत्रांवर जीव टाकणारा. तो तिला ताई म्हणे, पण चेष्टा करायची संधी सोडत नसे. आज मात्र दोघेही खाली मान घालून बसले होते.

"मला या विषयातलं ओ की ठो कळत नाही," मो मॅडम म्हणाल्या. "शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगा. लेझरनं लोखंडातलं क्रोमियम कसं दिसतं?"

हे पेइलान झोपेतही सांगू शकली असती.

"लेझरचा एक ठोका धातूवर पडला की मोहरीपेक्षा लहान ठिणगी उडते. त्या ठिणगीत धातूची वाफ असते, सूर्यापेक्षा तापलेली. जन्मली की ती नुसती पांढरी भगभगते, सगळे रंग एकात एक कालवलेले. त्यातून काही कळत नाही. मग ती जराशी निवते, आणि प्रत्येक धातू आपापल्या रंगाची रेष दाखवायला लागतो. क्रोमियमची वेगळी, लोखंडाची वेगळी. आणि मग ती विझते. हे सगळं पापणी लवायच्या हजाराव्या हिश्श्याच्या आत उरकतं."

"मग तुम्हाला दिसतं कसं?"

"कॅमेरा मुद्दाम मिटलेला ठेवतो. ठिणगी उडाल्यावर किंचित थांबून तो उघडतो. दुसऱ्या ठिणगीला आणखी थोडा उशिरा. तिसरीला त्याहून उशिरा. अशी चित्रं ओळीनं लावली की एका ठिणगीचा जन्म, भर आणि शेवट समोर येतो."

"म्हणजे तुम्ही ठिणगीची कुंडली मांडता." मो मॅडमनी टरफल बशीत टाकलं. "केंद्रात यंत्र घेऊन कोण गेलं होतं?"

"मी. सुटकेसएवढा फिरता डबा आहे आमचा. प्रत्येक नळीवर मी स्वतः ठोके मारले. पण आकडेमोड तिथे होत नाही, परत आल्यावर इथल्या संगणकावर होते. आणि मी परतले त्याच दिवशी आईला चक्कर येऊन ती पडली. सर म्हणाले, तू आईकडे जा, उरलेलं मी आणि चुओ बघतो. मी परत आले तेव्हा अहवाल तयार होता. मी सही केली."

"न बघता?"

"न बघता."

मो मॅडमनी आणखी एक बी फोडली. ओयांग सर हळूच म्हणाले, "मॅडम, तिची चूक नाही. आमच्याकडे अशीच पद्धत आहे. एकमेकांवर विश्वास असतो."

"विश्वासाला चिआओ मिस्त्रींच्या बायकोनं काय करावं?" मो मॅडम उठल्या. "उद्या दुपारी समिती बसेल. मला तिच्यापुढे एक नाव ठेवायचंय. आत्ता माझ्याजवळ एकच आहे." त्या पेइलानकडे वळल्या. "चला, नळ्या दाखवा मला."

३

उष्णता केंद्रात निम्मा भाग काळोखात होता. अपघात झालेला बॉयलर बंद होता, पण दुसरा धडधडत होता. अर्धं शहर त्याच्यावर तगलं होतं, पेइलानची इमारतही आता त्यालाच जोडली होती. पायाखालची जाळी थरथरत होती. कुठेतरी वाफ फुसफुसली की पेइलानचं अंग आपोआप आक्रसत होतं.

केंद्राचे अभियंता हौ साहेब लालबुंद चेहऱ्याचे, भांडायला उभेच असल्यासारखे. पेइलानला पाहताच त्यांनी हेल्मेट काढून रेलिंगवर आपटलं.

"आलात? आणा, तुमचा खेळण्यातला डबा आणा! मॅडम, शरदात या डब्यानं तीनदा खोटी बोंब ठोकली. चांगल्या नळ्यांना वाईट म्हणाला. मी नळ्या कापल्या, तपासल्या, उत्तम निघाल्या! सगळं केंद्र हसलं यांना. आणि जिथे बोंब मारायला हवी होती तिथे याची दातखीळ बसली."

ते तीन खोटे इशारे खरोखरच दिले गेले होते, हे पेइलानला माहीत होतं. लेझरच्या काचेवर धूळ बसली होती. तिनं ती पुसली आणि पुढे तसं झालं नाही. पण ओयांग सरांना तेव्हा खाली मान घालून हौ साहेबांची माफी मागावी लागली होती. फिरत्या डब्यात त्यांची सगळी हयात गेली होती, आणि प्रांतानं तो सगळीकडे मान्य करावा म्हणून त्यांची धडपड चालली होती.

मो मॅडम नळ्यांवरचे पांढरे आकडे न्याहाळत होत्या. "हे नंबर नवे दिसतात. रंग ताजा आहे."

हौ साहेबांचा आवाज एकदम उतरला. "वाफेनं पुसट होतात ना. उन्हाळ्यात मीच रंगवून घेतले."

"म्हणजे या बाई तपासायला आल्या त्याच्या आधी?"

"हो… पण नीट बघून रंगवलेत. निदान मी तसं सांगितलं होतं."

"रंगवताना तुम्ही स्वतः इथे उभे होतात?"

हौ साहेबांनी हेल्मेट उचललं, आतून पुसलं, परत ठेवलं.

परतताना गाडीत मो मॅडमनी बियांची पुडी पेइलानपुढे धरली. "घ्या. सुटलात असं वाटतंय. आकडे चुकीचे रंगवले. सतरा म्हणून तुम्हाला भलतीच नळी दाखवली, ती चांगली होती. खरी सतरा कुणी तपासलीच नाही. हौंनी निष्काळजीपणा केला. समितीला हे पटेल. तुम्ही फक्त तुमची मूळ चित्रं आणून द्या."

पेइलाननं बी तोंडात टाकली, पण चावली नाही. सुटले, सुटले, असं मन नाचत होतं, आणि दुसऱ्याच्या गळ्यात फास जाताना आपल्याला बरं वाटतंय याची तिला शरमही वाटत होती.

४

पेइलान फाइल उघडायला बसली तेव्हा खिडकीत दुपारचं फिकट ऊन होतं. काम सोपं होतं. सतरा नंबरची चित्रं काढायची, शेजारी तुलनेसाठी सोळा आणि अठराची ठेवायची आणि मॅडमना पाठवून द्यायची.

तिनं तिन्ही ओळी एकाखाली एक लावल्या आणि हात थांबला.

सोळाची ठिणगी जन्मली, भगभगली, रेषा दाखवून गेली. शेवटच्या चित्रांत नुसता अंधार. अठराची तशीच. सतराची ठिणगी मात्र त्याच शेवटच्या चित्रांत अजून तेवत होती. तिची शेजारीण कधीच राख झालेली, आणि ही आपली उजेड देत बसलेली.

पेइलाननं डोळे चोळले. एकाच यंत्राच्या, एकाच दिवशीच्या, उघड्या हवेतल्या दोन ठिणग्यांचं आयुष्य इतकं वेगळं असत नाही. हवा ठिणगीची उष्णता चटकन ओढून घेते आणि तिला मारते. इतकी जगलेली ठिणगी तिनं एकाच ठिकाणी पाहिली होती. आर्गॉन वायूत. आर्गॉन उष्णता सहजी पळू देत नाही, गोधडीसारखा पांघरून ठिणगीला धरून ठेवतो.

आणि आर्गॉनची बंद पेटी केंद्रात नव्हती. ती इथे, दोन खोल्या सोडून होती.

तिनं पहिल्या ठोक्यांची चित्रं उघडली. केंद्रातल्या प्रत्येक नळीवर रंग, धूळ, चुना असतो. पहिल्या ठोक्यांत त्या मळाच्या रेषा येतात, मग खालचं पोलाद लागतं. सोळाला मळ होता. अठराला मळ होता. सतरा पहिल्या ठोक्यापासून घासलेल्या ताटासारखी लखलखीत. शिवाय चित्रातल्या रंगपट्टीचं लाल टोक कापलेलं होतं. डब्याचं ते टोक अधूनमधून बिघडायचं, म्हणून कुणाला खटकलं नसावं. पण आर्गॉनच्या स्वतःच्या रेषा नेमक्या त्या टोकाला येतात.

कुणीतरी रेषा कापल्या होत्या. आयुष्य कापायचं राहून गेलं होतं.

म्हणजे आकडे चुकीचे रंगवलेच नव्हते. हौ साहेब निर्दोष होते. हे चित्र केंद्रातलं नव्हतंच. कुणीतरी इथे बसून चांगल्या पोलादाच्या तुकड्यावर ठोके मारले आणि तिच्या फाइलीत घुसवले.

फोन वाजला. मो मॅडम. "मिळाली का चित्रं?"

गप्प राहिलं तर काय होईल ते पेइलानला लख्ख दिसत होतं. हौ अडकतील, ती सुटेल, आणि तिला घरासारख्या असलेल्या या प्रयोगशाळेला कुणी बोट लावणार नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "हौ साहेबांनी काही केलेलं नाही. चित्रं इथेच बदललीत. मला थोडा वेळ द्या. कुणी, ते मला माहीत आहे."

आर्गॉनच्या पेटीवर रोज चुओच काम करे.

५

चुओ कॅन्टीनमध्ये आंबवलेल्या कोबीच्या आणि डुकराच्या मांसाच्या रश्शात पाव बुडवून खात होता. पेइलान समोर जाऊन उभी राहिली. बसली नाही.

"का केलंस?"

"काय? दोन पाव घेतले ते?"

"सतरा नंबर. तुझ्या पेटीत, आर्गॉनमध्ये केलीस ना ती चित्रं? चिआओ मिस्त्री मेले, चुओ!"

आजूबाजूच्या चॉपस्टिक्स थांबल्या. चुओचा घास गालातच राहिला. मग तो उठला, तिचं कोपर धरून तिला कोपऱ्यातल्या टेबलाशी घेऊन गेला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? मला शिव्या दे, मार, पण आधी दाखव तरी."

तिनं लॅपटॉप उघडून त्याच्यापुढे सरकवला. तो पाहत गेला. चेहऱ्यावरचा राग विरला आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं.

"आर्गॉन आहे खरा," तो म्हणाला. "माझ्याच पेटीतला. आयचा घो! मी कसा नाही पाहिला?"

"म्हणजे कबूल?"

"थांब जरा. ही सगळ्यात आधीची चित्रं बघ. कॅमेरा दर वेळी त्याच क्षणी उघडलाय. एकात ठिणगी पेटलेली. दुसऱ्यात अजून जन्मलेलीच नाही. तिसऱ्यात पेटून पुढे गेलेली. म्हणजे ठोका कधी लवकर पडतोय, कधी उशिरा. लेझरचा हात कापतोय." त्यानं मान वर केली. "माझा लेझर असा कापतो का, ताई? तुझ्या डब्यातला कापतो? दोन्ही नवे, घड्याळासारखे."

पेइलान खुर्चीवर बसली.

प्रयोगशाळेत तिसरा एक लेझर होता. जुनाट, आतल्या दिव्याच्या लखलखाटावर चालणारा, सगळे त्याला "आजोबा" म्हणत. मनात येईल तेव्हा ठोका मारायचा. इतका अशक्त की उघड्या हवेत त्याची ठिणगी धड दिसायचीही नाही, म्हणून कायम आर्गॉनच्या पेटीलाच जोडावा लागायचा. भंगारात काढायला किती वेळा निघाला, पण एक माणूस आडवा यायचा. त्या माणसाखेरीज तो कुणाला चालवताही येत नसे.

"नाही," पेइलान म्हणाली. "चुओ, नाही. ते नसतील."

चुओनं लॅपटॉप मिटून तिच्याकडे सरकवला. रस्सा गार होत होता. तो एवढंच म्हणाला, "मी येऊ का तुझ्याबरोबर?"

६

ती एकटीच गेली. वाटेत मो मॅडमना फोन केला. "सरांच्या खोलीत या" एवढंच सांगितलं.

ओयांग सर खिडकीपाशी बसले होते. समोर चहाचा पेला, वर झाकण. त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि समोरची खुर्ची दाखवली. तेवढ्यात मो मॅडमही आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या.

"सर, सतराची ठिणगी फार जगलीय," पेइलान म्हणाली.

सरांनी पेल्याचं झाकण काढलं, पुन्हा ठेवलं. "किती?"

"सोळाच्या दुपटीहून जास्त. आणि सुरुवातीला ठोका कापतोय."

"आजोबा," ते म्हणाले. "त्याला सवयच आहे." त्यांच्या तोंडावर क्षणभर हसू आलं आणि लगेच सगळा चेहरा ढासळला. "तू ओळखशील असं वाटलंच होतं. सही करायच्या आधी पाहशील असं वाटलं होतं. रोज वाट पाहिली मी, पोरी, तू येऊन भांडशील म्हणून. तू आलीच नाहीस."

मो मॅडम पुढे आल्या. "का केलंत?"

"तिच्या चित्रांत सतराला क्रोमियम नव्हतं. मी हौंना फोन केला. ते म्हणाले, नळीबरोबर कारखान्याचा शिक्का आहे, कागद आहेत, चौथ्यांदा बोंब माराल तर तुमचा डबा नदीत फेकीन. थंडी तोंडावर आली होती. त्याआधी तीनदा यंत्र चुकलं होतंच. मला वाटलं, हे चौथं." त्यांनी हात पसरले. "मला खरोखर वाटलं की यंत्रच चुकलंय. डबा तेव्हा दुरुस्तीला पाठवलेला, पुन्हा मोजता येत नव्हतं. म्हणून योग्य पोलादाचा तुकडा घेतला आणि जे यायला हवं होतं ते काढून, मूळ चित्रं पुसून त्या जागी ठेवलं."

"सोळा नंबरची चित्रंच का नाही उचलून टाकलीत? सोपं होतं."

"आकडे हुबेहूब जुळले असते, संगणकानं पकडलं असतं. आणि…" सर अडखळले. "आणि ती लबाडी झाली असती. मला वाटत होतं मी दुरुस्ती करतोय."

पेइलानच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. तिला ओरडायचं होतं, त्यांचे हात धरायचे होते, खोलीबाहेर पळायचं होतं. पण मनात एक प्रश्न वर आला आणि बाकी सगळं थिजलं.

"सर, तुम्ही 'तुकडा घेतला' म्हणालात. किती नळ्यांसाठी वापरलात तो?"

ओयांग सरांनी डोळे मिटले.

"दोन."

"दुसरी कुठली?"

"तेवीस."

पेइलान सकाळी त्या नळीखालून चालत गेली होती. धडधडणाऱ्या बॉयलरच्या बाजूला. तेवीस नंबरमधून या घडीला वाफ वाहत होती.

७

"बंद करा!" मो मॅडम फोनवर ओरडत होत्या. "तेवीस नंबर! मी सांगतेय म्हणून!"

पलीकडे हौ साहेबांचा आवाज फोनबाहेरही ऐकू येत होता. एक बॉयलर आधीच बंद आहे, दुसराही थांबवला तर अर्धं शहर गोठेल, इस्पितळं आहेत, म्हातारी माणसं आहेत, कागद दाखवा, लेखी हुकूम आणा. मो मॅडमच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी फोन पेइलानपुढे धरला.

"हौ साहेब, मी थान पेइलान. ती नळी साध्या पोलादाची आहे. सतरासारखीच."

"पुरावा?"

"आत्ता हातात नाही. मूळ चित्रं पुसली गेलीत. माझा शब्द आहे."

"तुमचा शब्द!" हौ साहेब हसले की काय ते कळलं नाही. "ज्या बाईच्या सहीवर चिआओ गेला, तिच्या शब्दावर मी शहर गोठवू?"

पेइलाननं फोन दोन्ही हातांनी धरला. "हो. त्याच बाईच्या. आणि नळी चांगली निघाली तर गोठलेल्या प्रत्येक घरापुढे मला उभी करा. पण तुमची माणसं तिच्याखाली उभी आहेत. आधी त्यांना हलवा, मग मला काय म्हणायचं ते म्हणा."

पलीकडे बॉयलर धडधडत होता. मग हौ साहेब दुसऱ्या कुणावर तरी खेकसले, "सगळे बाहेर! तेवीसखाली कुणी थांबायचं नाही! दाब उतरवा!"

थोड्या वेळानं फोनमधली धडधड मंदावत गेली आणि थांबली.

संध्याकाळी शहर गारठलं. शाळांच्या सभागृहांत शेगड्या पेटल्या, इस्पितळांना विजेचे हीटर पोचवले गेले. पेइलानच्या इमारतीत लोक कोट घालून जेवले. शेजारच्या आजी गोधडी गुंडाळून जिन्यात उभ्या होत्या आणि ज्या कुणी हे केलं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. "मीच केलं, आजी," पेइलान म्हणाली. आजींनी तिच्याकडे पाहिलं. मग घरात जाऊन आपली दुसरी गोधडी आणली आणि तिच्या हातात कोंबली.

सकाळी सगळे केंद्रात जमले. चुओनं डबा खांद्यावरून आणला. तेवीसवरचं जाड वेष्टण दोघा मिस्त्रींनी करवतीनं कापून काढलं. पेइलाननं लेझरची काच पुसली, पुन्हा पुसली, नळीला टेकवली आणि ठोके मारले. टक, टक, टक. आधी मळाच्या रेषा आल्या, मग गेल्या. यावेळी आकडेमोडीसाठी तिनं संगणक बरोबरच आणला होता. ठिणग्या जन्मल्या, भरात आल्या, वेळेवर विझल्या.

क्रोमियमची रेष जिथे यायला हवी तिथे काहीच नव्हतं.

हौ साहेब तिच्या खांद्यावरून पाहत होते. "ही रिकामी जागा म्हणजे?"

"म्हणजे नाही."

हौ साहेबांनी हातमोजा काढला आणि नळीवरून तळवा फिरवत नेला. एका ठिकाणी तो थांबला, मागे आला, परत तिथेच गेला. नळी तिथे किंचित फुगली होती. डोळ्याला दिसणार नाही इतकी, पण हाताला लागत होती. हौ साहेबांनी मिस्त्रींना जवळ बोलावलं आणि एकेकाचा हात धरून त्या जागेवर ठेवला. एका तरुण मिस्त्रीनं हात मागे घेतला आणि तो खाली जाळीवरच बसला. तेवीसखाली कालपर्यंत त्याची पाळी होती.

बाहेर फाटकाशी मो मॅडमची गाडी उभी होती. मागच्या आसनावर ओयांग सर बसले होते, त्यांना समितीपुढे न्यायचं होतं. "त्यांचा हट्ट आहे," मो मॅडम म्हणाल्या. "आकडा ऐकल्याशिवाय हलणार नाही म्हणतात."

पेइलान खिडकीपाशी गेली. सरांनी काच खाली केली. रात्रीत ते फार म्हातारे दिसायला लागले होते.

"रेष दिसली?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"मळ नीट उडाला होता? काच पुसली होतीस?"

"दोनदा. यंत्र बरोबर होतं, सर. तेव्हाही बरोबरच होतं."

सरांनी मान हलवली. त्या यंत्रासाठी त्यांनी आयुष्य वेचलं होतं, आणि ते खरं बोललं तेव्हा त्यांनीच त्याचं तोंड दाबलं होतं. मग त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या बाहीवर बसलेली वेष्टणाची पांढरी धूळ झटकली. हात आत घेतला. काच वर गेली.

गाडी नदीच्या वळणाआड जाईपर्यंत पेइलान पाहत राहिली. मागून हौ साहेबांची हाक आली, पहिल्यांदाच नावानिशी आणि बेताच्या आवाजात.

"थान मॅडम, बाकीच्या नळ्या?"

"सगळ्या," ती म्हणाली. "पहिल्यापासून. आणि प्रत्येक चित्र तुमच्यासमोर उघडणार, तुम्ही पाहिल्याशिवाय मी पुढच्या नळीला हात लावणार नाही."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"शिकवते," पेइलान म्हणाली आणि डबा उचलून आत गेली.